‘हॅलो’ म्हणायच्या आधीच तिला तुमचं नाव कसं कळतं?

ज्यांचे इअरफोन नेमके प्रवासातच हरवतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्याच रडगाण्याने करतो. मागच्या महिन्यात घरचं इंटरनेट बंद पडलं. कस्टमर केअरला फोन लावला. आधी यंत्र बोललं, रजिस्टर्ड मोबाइल नंबर दाबा. दाबला. मग एक ताई लाइनवर आल्या, “सर, आपला रजिस्टर्ड नंबर सांगाल का?” सांगितला. त्यांनी फोन टेक्निकलवाल्यांकडे दिला. तिकडे एक दादा. “सर, नंबर प्लीज?” अहो, मी त्याच नंबरवरून बोलतोय!

दोनच दिवसांनी बँकेला फोन केला. तिथे मी तोंड उघडायच्या आधीच समोरून माझं नाव घेऊन नमस्कार आला. आणि पुढे, “कालच्या तक्रारीबद्दल बोलायचंय का?” क्षणभर बरं वाटलं. मग जरा दचकलो. हिला काय काय दिसतंय?

म्हणजे एकीकडे तीनदा सांगून कळत नाही, दुसरीकडे न सांगता कळतं. दोन्हीकडे माणसं सारखीच हुशार. फरक त्यांच्या टेबलावरच्या एका जोडणीचा आहे. तिचं नाव कॉम्प्युटर टेलिफोनी इंटिग्रेशन, थोडक्यात सीटीआय. सोप्या मराठीत सांगायचं तर टेलिफोन आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांशी बोलायला लावणं. आजचा भाग या जोडणीच्या इतिहासाचा. आणि मला वाटतं हा इतिहास मुळात ओळखीचा आहे. कोण कोणाला ओळखतं, आणि कोणाला ओळखू दिलं जात नाही.

सगळ्यांना ओळखणारी मुलगी

चला, १८७८ मध्ये जाऊ. २८ जानेवारीला अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक किती? फक्त २१. सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये कामाला पोरं असायची, बरीचशी तारखात्यातून आलेली. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलायची, मस्करी करायची. मग १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टनमध्ये एमा नट नावाची मुलगी कामावर आली, जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर. तिचा आवाज आणि तिचा धीर लोकांना इतका आवडला, की काही वर्षांत हे काम मुलींचंच होऊन गेलं. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्स्चेंज आली १८८२ मध्ये.

या ऑपरेटरचं काम काय? तुम्ही फोन उचललात की तिच्या समोरच्या बोर्डावर तुमची खूण दिसायची. ती विचारायची, कोण हवंय? मग तुमची वायर त्या माणसाच्या भोकात खोचायची. बस्स. पण छोट्या गावात ती एवढ्यावर थांबायची नाही. डॉक्टर आत्ता दवाखान्यात आहेत की पाटलांच्या घरी पेशंट बघायला गेलेत, हे तिला ठाऊक असायचं. तुमचा आवाज ऐकून ती तुम्हाला ओळखायची, आणि तुम्हीही तिला.

आपल्याकडे ट्रंक कॉलच्या काळात हेच होतं. घरी आजी-आजोबा असतील तर विचारा. कॉल ‘बुक’ करायचा, साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग, आणि मग फोनजवळ बसून राहायचं. त्यात ‘पीपी’ कॉलही असायचा, म्हणजे अमुक एक माणूस लाइनवर आला तरच पैसे. या सगळ्यात मध्ये एक माणूस होता. तो काय ऐकेल याची धास्ती होती, आणि तो ओळखतो याचा आधारही होता.

अंत्यविधीवाल्याचं यंत्र

ही ओळख मोडायला निघालेला माणूस कोण? ऑलमन स्ट्राउजर. राहणार अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, धंदा अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा. सांगतात असं, की त्याच्या स्पर्धकाची बायकोच एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि त्याच्याकडे येणारे फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवायची. गोष्ट खरी की मसाला लावलेली, ते सोडून द्या. पण स्ट्राउजरने १८९१ मध्ये आपोआप जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट घेतलं, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज चालू झालं, हे मात्र पक्कं.

आता मधली मुलगी गेली. तुम्ही नंबर फिरवा, यंत्र जोडून देईल. चुगली नाही, पक्षपात नाही, वाट बघणं नाही. मोठीच सोय. पण या सोयीबरोबर एक गोष्ट गेली. यंत्राला आकडे कळतात, माणूस कळत नाही. कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, हे आता प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगणं आलं.

माझं म्हणणं असं, की पुढची शंभर वर्षं टेलिफोनवाल्यांनी त्या मुलीला परत आणायचीच खटपट केली. फक्त यावेळी ती स्क्रीनवर आली.

टेबल एक, वायरी दोन

आता उडी मारून १९६० च्या दशकात येऊ, विमान कंपन्यांच्या बुकिंगच्या हॉलमध्ये. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून सेबर नावाची कॉम्प्युटर बुकिंग प्रणाली उभी केली होती. म्हणजे बुकिंग घेणाऱ्याच्या टेबलावर कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं. १९६७ मध्ये एटीअँडटीने ८०० वाले टोल-फ्री नंबर सुरू केले, म्हणजे फोनचा खर्च ग्राहकाचा नाही, कंपनीचा. आता असं फुकट म्हटल्यावर फोनचा पाऊसच!

एवढे फोन कोणाकडे कसे वाटायचे? यावर १९७३ मध्ये रॉकवेल कंपनीने कॉन्टिनेंटल एअरलाइन्ससाठी गॅलक्सी नावाचं यंत्र दिलं. अशा यंत्राला म्हणतात ऑटोमॅटिक कॉल डिस्ट्रिब्युटर, एसीडी. हे यंत्र फोन रांगेत लावतं आणि जो एजंट सगळ्यात जास्त वेळ रिकामा बसलाय त्याला पुढचा फोन देतं. बँकेत टोकन घेतो ना आपण, तसंच. रांग किती लांब होईल आणि किती माणसं बसवावी लागतील, याचं गणित तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासूनच मांडायला घेतलं होतं. कॉल सेंटरवाले आजही त्याचीच सूत्रं वापरतात.

आता त्या एजंटचं टेबल डोळ्यांसमोर आणा. डावीकडे फोन, त्याची वायर एसीडीकडे जाते. उजवीकडे टर्मिनल, त्याची वायर कॉम्प्युटरकडे जाते. या दोन वायरींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मध्ये बसलीये एक बाई. ती कानाने नंबर ऐकते, बोटांनी टाइप करते, स्क्रीन उघडायची वाट बघते आणि तोवर म्हणते, “एक मिनिट हं.” जोडणी तीच होती! चालतंबोलतं सीटीआय.

तिचं हे जोडकाम धरा १५ सेकंदांचं. किरकोळ वाटतं ना? हिशोब करू. समजा एका ठिकाणी १०० एजंट आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला ८० फोन घेतो. १०० गुणिले ८० गुणिले १५, म्हणजे १,२०,००० सेकंद, म्हणजे ३३ तासांहून जास्त. रोज चार-पाच माणसांचं दिवसभराचं काम निव्वळ “नंबर सांगा” म्हणण्यात जातंय. कंपन्यांचे डोळे इथे चमकले.

बिलाचा आकडा झाला ओळखपत्र

मग तोडगा निघाला कुठून? बिलातून! लांब पल्ल्याच्या फोनचं बिल कोणाच्या नावावर टाकायचं, हे कळावं म्हणून एक्स्चेंजने फोन करणाऱ्याचा नंबर आपोआप टिपायची सोय फार आधीपासून होती. तिला म्हणतात ऑटोमॅटिक नंबर आयडेंटिफिकेशन, एएनआय. टोल-फ्री फोनचे पैसे कंपनीच भरते, मग आपण कोणाचे पैसे भरतोय हे तिला कळायला नको का? १९८० च्या दशकात आयएसडीएन नावाच्या डिजिटल लाइन आल्या आणि हा नंबर फोन वाजत असतानाच कंपनीच्या हातात पडू लागला. जोडीला दुसरा आकडा आला, ग्राहकाने आपला कोणता नंबर फिरवला तो, म्हणजे डीएनआयएस. एकाच हॉलमध्ये दहा कंपन्यांचे फोन येत असतील, तर या दुसऱ्या आकड्यावरून एजंटला कळतं की ‘नमस्कार’च्या पुढे कोणत्या कंपनीचं नाव घ्यायचं.

आता टेबलावर नेमकं काय होतं ते हळूहळू बघू, कारण खरी गंमत इथे आहे.

फोन एसीडीकडे येतो. एसीडीला नंबर कळतो. शेजारी एक सर्व्हर बसलेला असतो, सीटीआय सर्व्हर. त्याला एसीडी वर्दी देतो, अमुक नंबरवरून फोन आलाय आणि सतरा नंबरच्या एजंटकडे वाजतोय. सर्व्हर ही वर्दी सतरा नंबरच्या कॉम्प्युटरवर पोहोचवतो. तिथला प्रोग्रॅम हा नंबर ग्राहकांच्या यादीत शोधतो आणि तुमची माहिती उघडतो. हे सगळं होतं फोनची पहिली रिंग संपेपर्यंत. स्क्रीन आपोआप टपकन समोर येते म्हणून याला म्हणतात स्क्रीन पॉप.

उलट दिशेनेही हे चालतं. एजंट स्क्रीनवरचं बटण दाबतो, उचला, होल्ड करा, दुसरीकडे पाठवा, आणि कॉम्प्युटर एसीडीला तसा हुकूम देतो. टेबलावरचा फोन हळूहळू स्क्रीनमध्येच शिरला. तोच सॉफ्टफोन.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही यंत्राला दाबून सांगितलेले आकडे, पहिल्या एजंटने लिहिलेली टीप, हे सगळं फोनला चिठ्ठीसारखं चिकटवता येतं. फोन जिथे जाईल तिथे चिठ्ठीही जाते. ही चिठ्ठी वाटेत गळाली, की मग “सर, नंबर प्लीज?”

त्या काळातली एक गोष्ट या धंद्यात अजून सांगतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रेडिट कार्ड कंपनीच्या एजंटांनी फोन उचलल्या उचलल्या ग्राहकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. कंपनीला वाटलं, लोक खूश होतील. लोक चरकले. यांना कसं कळलं मी बोलतोय? मग कंपनीने म्हणे एजंटांना सांगितलं, नाव दिसलं तरी गप्प बसा, आधी विचारा. म्हणजे माहीत असून माहीत नसल्याचं नाटक! गंमत बघा, गावच्या ऑपरेटरने नाव घेतलेलं लोकांना चालायचं. कारण तिला तेही ओळखत होते. इथे ओळख एकाच बाजूची होती.

भाषेवरून भांडण

१९९० च्या आसपास अडचण अशी, की प्रत्येक कंपनीचं टेलिफोन यंत्र आपलीच भाषा बोलायचं. आयबीएमने कॉलपाथ आणलं, डिजिटल इक्विपमेंट कंपनीने स्वतःचं काढलं. मग एक्मा या युरोपातल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९९२ मध्ये सीएसटीए नावाची सामाईक भाषा जाहीर केली. फोन वाजला, उचलला, होल्डवर गेला, संपला, या प्रत्येक घटनेला ठरलेलं नाव. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९३ मध्ये टॅपी आणलं, नोव्हेल आणि एटीअँडटीने टीसॅपी.

फरक समजून घ्यायला सोपा आहे. टॅपीचा सुरुवातीचा विचार असा, की माझा कॉम्प्युटर माझ्याच टेबलावरचा फोन चालवेल. टीसॅपीचा विचार असा, की मध्यभागी एक सर्व्हर बसेल आणि सगळ्यांचे फोन चालवेल. घरच्या ऑफिसला पहिला पुरतो. पण शंभर जणांच्या हॉलमध्ये कोणाकडे कोणता फोन जातोय हे वरून दिसावं लागतं, म्हणून कॉल सेंटरांत मध्यभागी सर्व्हर ही पद्धत रुजली. याच लाटेत १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी शेंकमन आणि अ‍ॅलेक मिलोस्लाव्हस्की यांनी जेनेसिस ही कंपनी काढली. कोणाचंही टेलिफोन यंत्र आणि कोणताही कॉम्प्युटर जोडून देणं हाच तिचा धंदा. दशक संपता संपता अल्काटेलने ती सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. पंधरा सेकंदांची किंमत कळली ना?

मध्यभागी सर्व्हर, सगळं वरून दिसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहोत.

समुद्रापलीकडचा फोन

आता आपल्याकडे येऊ. १९९७ मध्ये जीई कॅपिटलने गुडगावमध्ये जे केंद्र उभारलं, तेच पुढे जेनपॅक्ट झालं. तिथून भारतातल्या बीपीओची लाट सुरू झाली, मग मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद. त्याच सुमारास फ्लॅग ही समुद्राखालची फायबर केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. उपग्रहावरून आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. बोलताना एकमेकांवर आदळायला तेवढा पुरतो. केबलमुळे ही रखडपट्टी कमी झाली. परदेशी फोनची व्हीएसएनएलची मक्तेदारी २००२ मध्ये संपली आणि लाइनही स्वस्त झाल्या.

ओहायोतल्या आजीबाईंनी फोन लावला की काय व्हायचं? टोल-फ्री नंबर अमेरिकेतल्या यंत्राकडे, नंबर तिथेच ओळखला जायचा, आवाज केबलमधून इकडे यायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या लाइनने आजीबाईंची माहिती इकडच्या स्क्रीनवर उघडायची. आवाज आणि स्क्रीन, दोघांनी हजारो मैल पार करून एकाच खुर्चीसमोर एकाच क्षणी हजर व्हायचं. स्क्रीन मागे राहिली तर इकडच्या पोराला सुचेल ते बोलत वेळ काढावा लागायचा. हवापाण्याच्या गप्पा शिकवायचे ना ट्रेनिंगमध्ये, त्याचं एक कारण हेही.

आणि आता तो विरोधाभास. स्क्रीनवर त्या आजीबाईंचं खरं नाव, पत्ता, मागच्या पाच तक्रारी. आणि इकडे आपला सचिन किंवा स्नेहल त्यांना सांगतोय, “माय नेम इज सॅम.” अनेक सेंटरांत असं ‘फोन नेम’ दिलं जायचं. रात्रपाळी, उसना उच्चार आणि उसनं नाव. ज्या यंत्रणेने ग्राहकाची ओळख एजंटपर्यंत आणायला इतका खर्च केला, तिने एजंटची ओळख मात्र ग्राहकापर्यंत पोहोचू दिली नाही.

याचा दुसरा पदरही आहे. २००५ मध्ये पुण्यातलं एक प्रकरण जगभर गाजलं. एका बीपीओशी संबंधित काही तरुणांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि लाखो डॉलर वळवले. पकडले गेले. यानंतर सगळीकडे नियम आवळले गेले. मोबाइल बाहेर ठेवा, कागद-पेन आत नाही. आणि डेस्कटॉपही बदलत गेला. आता बऱ्याच ठिकाणी कार्डाचा नंबर तुम्ही फोनवर दाबता, तेव्हा एजंटच्या स्क्रीनवर फक्त फुल्या दिसतात आणि कानात एकसुरी टूं टूं ऐकू येतं. त्या क्षणापुरतं रेकॉर्डिंग थांबवायचीही सोय असते. हेही सीटीआयच. जे दाखवायला शिकलं, तेच झाकायलाही शिकलं.

तीच वायर, उलट्या बाजूने

आता त्या वाक्याकडे परत. मध्यभागी सर्व्हर, सगळं वरून दिसतं.

फोन वाजला, उचलला, होल्डवर गेला, संपला. ही प्रत्येक घटना सर्व्हरला कळते आणि सेकंदासकट नोंदली जाते. म्हणजे एजंटने रिंग वाजल्यावर किती सेकंदांनी उचलला, किती वेळ बोलला, किती वेळ होल्डवर ठेवला, फोन संपल्यावर टीप लिहायला किती घेतला, पाणी प्यायला ‘ब्रेक’चं बटण दाबून किती वेळ गेला, सगळं मोजता येतं. त्याची सरासरी म्हणजे एएचटी, अ‍ॅव्हरेज हँडल टाइम. बीपीओत काम केलेल्या कोणालाही हे तीन अक्षरी नाव ऐकवा, चेहरा बघा!

म्हणजे बघा, जोडणीने १५ सेकंद वाचवले. पण ते गेले कोणाकडे? एजंटला श्वास घ्यायला मिळाले का? बहुतेक ठिकाणी नाही. पुढचा फोन १५ सेकंद लवकर आला, एवढंच. माझ्यासाठी या इतिहासातला कळीचा मुद्दा हा आहे. तंत्राने काम सोपं केलं हे खरं, पण सोपं झालेल्या कामाचा वेळ कोणाचा, हे तंत्र ठरवत नाही. ते खुर्चीच्या वर बसलेला माणूस ठरवतो.

तुमच्या-माझ्या बाजूनेही याचा एक चटका आहे. अनोळखी नंबर उचलता, ‘हॅलो, हॅलो’ करता, दोन सेकंद शांतता, मग एकदम आवाज येतो. का? प्रेडिक्टिव्ह डायलर. हा सीटीआयचाच भाऊ. एजंट कधी मोकळे होतील याचा अंदाज बांधून तो आधीच अनेक नंबर फिरवतो. कोणी उचललं की ते रिकाम्या एजंटकडे देतो. ती शांतता म्हणजे तुमच्यासाठी माणूस शोधला जातोय. कोणीच रिकामं नसेल तर फोन कट. याचा इतका वैताग झाला, की अमेरिकेत २००३ च्या नियमांनी बंधन घातलं. ग्राहकाने हॅलो म्हटल्यावर दोन सेकंदांत माणूस हजर हवा, आणि असे सोडून दिलेले फोन १०० मध्ये तिनाहून जास्त नकोत. कंपनीने आपल्या एजंटचा वेळ वाचवायला तुमचा वेळ खर्चायचा, किती खर्चायचा याची हद्द शेवटी कायद्याला आखावी लागली.

जिथे सेकंद खरोखर मोलाचे

पण एका ठिकाणी या सेकंदांबद्दल वाद नाही. आणीबाणीचा फोन. अमेरिकेत ९११ ची पहिली कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावी झाली. पुढे त्यात नंबरासोबत पत्ताही ऑपरेटरच्या समोर येऊ लागला. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला बोलता आलं नाही तरी गाडी कुठे पाठवायची ते कळतं. स्क्रीन पॉपचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

मग मोबाइल आला आणि सगळं विस्कटलं. लँडलाइनचा नंबर म्हणजे पत्ता होता. मोबाइलचा नंबर म्हणजे खिसा! तो आत्ता कोथरूडमध्ये की कसारा घाटात, नंबर बघून काय कळणार? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा चालू आहे, आणि आता ११२ आहे. अशा केंद्रांच्या डेस्कटॉपवर नंबर येतो, जागा शोधायला टॉवरची किंवा फोनच्या जीपीएसची मदत घेता येते. तरी “जवळची खूण सांगा” हे विचारावंच लागतं. मारुतीचं देऊळ, पेट्रोल पंप, शाळेची पाण्याची टाकी. ही गावच्या ऑपरेटरची विद्या, ती अजून स्क्रीनला पूर्ण जमलेली नाही.

आपल्याकडे तर नंबर म्हणजे माणूस हेही खरं नसतं. सिम आईच्या नावावर, वापरतो मुलगा. शेतीचा सल्ला देणारी किसान कॉल सेंटरची सेवा २१ जानेवारी २००४ पासून चालू आहे, आणि तिथे मराठीतही उत्तर मिळतं. तिथे फोन करणारा काका शेजाऱ्याचा मोबाइल मागून आणतो, असं होऊ शकतं. स्क्रीन म्हणेल, मागच्या वेळी तुम्ही डाळिंबाबद्दल विचारलं होतं. काका म्हणतील, अहो, माझ्याकडे सोयाबीन आहे! म्हणून चांगला एजंट स्क्रीन बघतो, पण विश्वास ठेवतो कानावर.

मग माझं घोडं कुठे अडलं?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे सगळं ब्राउझरमध्ये शिरलंय. ग्राहकांची माहिती क्लाउडवर, फोनही क्लाउडवर. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये कनेक्ट ही सेवा आणली. वेगळा एसीडी विकत न घेता कॉल सेंटर भाड्याने घ्या. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आपल्या सरकारनेही घरून काम करण्याचे नियम सैल केले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तर अशा केंद्रांच्या नोंदणीची अटही काढली. एजंटचं टेबल आलं घरात, शेजारी कुकरची शिट्टी.

मग इतकं सगळं असून मला तीनदा नंबर का सांगावा लागला? मी एका ओळखीच्या मित्राला विचारलं, तो या कामात आहे. त्याने तीन कारणं सांगितली. एक, कंपनीत तीन विभागांची तीन वेगळी सॉफ्टवेअर, म्हणून चिठ्ठी पुढे जात नाही. दोन, दुसरा विभाग ठेकेदाराकडे दिलेला, आणि त्याला तुमची सगळी माहिती दाखवायची नाही, जे योग्यही आहे. तीन, कधीकधी नंबर दिसत असतो, तरी विचारतात, कारण फोन तुमचाच आहे पण बोलणारे तुम्हीच आहात याची खात्री हवी. तिसरं कारण ऐकून माझा राग निम्मा उतरला. पहिल्याचा मात्र अजून आहे.

तर मंडळी, स्ट्राउजरने ओळखणारी मुलगी काढून टाकली. शंभर वर्षांनी सीटीआयने ती ओळख परत आणली, पण एकाच बाजूने. तिला तुम्ही दिसता, तुम्हाला ती दिसत नाही. आणि तिच्या मागे बसलेल्याला ती सेकंदासकट दिसते.

यंत्राची ही बाजू आपण बदलू शकत नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि तिला सर्व्हर लागत नाही. पुढच्या वेळी कस्टमर केअरला फोन कराल तेव्हा आधी विचारा, “आपलं नाव काय ताई?” ती सांगेल, खरं किंवा उसनं. मग त्या नावाने बोला. एर्लांगच्या गणितात तीन सेकंद जास्त जातील. जाऊ द्या.

तुमच्यापैकी कोणी हेडसेट लावून रात्रपाळी केली असेल, किंवा घरात कोणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असेल, तर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून नक्की पाठवा. तोवर काळजी घ्या, आणि ती दोन सेकंदांची शांतता ऐकू आली की खुशाल फोन ठेवून द्या. भेटू पुढच्या भागात!